ग्रंथालयातील शिक्षण : शोधणे आणि विचारणे

वर्षारंभी विद्यार्थ्यांस ग्रंथालयाची ओळख करून देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. कपाटे कोठे, तालिका कशी पाहावी, पुस्तक केव्हा परत करावे, एवढे सांगितले की ते शिक्षण संपले असे मानण्यात येते. ते निरुपयोगी नाही. परंतु अर्धे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्रंथ कोठे आहे हे त्यात कळते; तो तेथेच का ठेवला गेला, हे कळत नाही.

मेल्विल ड्यूई याची १८७६ सालची दशांश वर्गीकरणपद्धती आपल्या अनेक ग्रंथालयांत चालते. तीत २२० ते २८० हे विभाग ख्रिस्ती धर्मास दिले असून हिंदू, बौद्ध, जैन, शीख, इस्लाम आदी धर्म रूढ रचनेत २९० या एका विभागात कोंबले आहेत. १९५६ च्या धर्मांतरानंतर विदर्भात बौद्ध वाचकवर्ग वाढला. त्याच्या धर्मग्रंथांस जागा मिळते ती २९४.३ या उपविभागात. अंक सोयीचा असेल. पण जागा वाटणाऱ्याची दृष्टी त्यात उतरली आहे, हे विद्यार्थ्यास कोणी सांगावे?

याहून निकटचे उदाहरण घेऊ. अमरावती-अकोल्याचा एखादा विद्यार्थी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर निबंध लिहू पाहतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे पोलिसांच्या नोंदींवरून येतात. महसूल खाते प्रकरणांची ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी वाटणी करते, व ती करताना जमिनीचे आणि कर्जाचे कागद पाहते. जिच्या नावे सातबारा नाही अशी शेतात राबणारी स्त्री, किंवा बटईने शेत करणारा, शेतकऱ्यांच्या मोजणीतून सहज निसटतो. आकडा शोधण्यात निपुण झालेला विद्यार्थीही ही निसटलेली माणसे पाहू शकत नाही, कारण ती तालिकेत नसतात.

अमेरिकेतील महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संस्थेने २००० साली माहिती-साक्षरतेची मानके ठरविली. त्यांत भर होता तो कौशल्यावर. २००६ साली जेम्स एल्मबोर्ग याने पाउलो फ्रेरे याच्या शिक्षणविचाराचा आधार घेऊन तिला चिकित्सक रूप देण्याचा आग्रह धरला. २०१६ साली त्याच संस्थेने स्वीकारलेल्या नव्या चौकटीत ज्ञानाचा अधिकार संदर्भानुसार घडतो, हे मान्य झाले.

ग्रंथपालाने राजकारणात पडू नये, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे; ग्रंथपालाने निकाल देऊ नये. तसेच सर्वच आकडे लबाड, अशी अश्रद्धाही शिकवू नये. ती अज्ञानाचीच धाकटी बहीण होय. त्याने दोन नोंदी शेजारी ठेवाव्यात आणि विचारावे: ही कोणी केली, कशासाठी केली, आणि हीत कोण नाही? रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पाच सूत्रांपैकी दुसरे प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा असे सांगते. ज्याच्याविषयी लिहिलेच गेले नाही, त्या वाचकाचे ऋण फेडण्यास वर्षारंभीचा एक तास यासाठी राखून ठेवणे, ही अवाजवी मागणी नव्हे.