प्रमाण आणि संभव

हार्वर्ड विद्यापीठाने २०२४ साली ५४,००८ अर्जदारांपैकी १,९३७ जणांना प्रवेश देऊ केला. यावरून माध्यमिक शाळेतील कोणाही अर्जदारास ‘३.६ टक्के संधी’ आहे असे म्हटले, तर ते विधान तपासून पाहावे लागते. ३.६ टक्के हे समूहाचे प्रमाण होय. व्यक्तीचा संभव नव्हे. बॉस्टन येथील न्यायालयात २०१८ साली चाललेल्या खटल्यातील पुराव्यावरून असे दिसले की, निवडक खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची व अध्यापकांची मुले आणि अधिष्ठात्यांच्या खास यादीतील अर्जदार मिळून एकूण अर्जदारांच्या ५ टक्क्यांहून कमी होते. प्रवेश मिळालेल्यांत मात्र त्यांचा वाटा सुमारे ३० टक्के होता. अर्थात् उरलेल्यांचा संभव सरासरीहूनही कमी होता. शिवाय ‘व्यक्तिमत्त्व’ या सदराखालील गुण अंकांत मांडलेले असले, तरी ते मूलतः शिफारसपत्रे, निबंध व मुलाखतींचे वृत्तान्त यांच्या भाषेवरून बनलेले मत होय. तेव्हा केवळ गुणपत्रिका पाहून टक्केवारी सांगणारा सल्लागार गणित करीत नाही. अपरिचित वाचकांच्या अभिप्रायाविषयी तर्क करतो. तो तर्क तर्क म्हणूनच सांगितला जावा. अन्यथा नकार येताच सतरा वर्षांचा विद्यार्थी त्यास आपल्या योग्यतेचा निवाडा समजून बसेल.