आंब्याआड लपलेली बिअर

पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीत चार बिअरचा सॅम्पलर मागवला. हेफेवायझेनला केळ्याचा आणि लवंगेचा वास, पण आत केळं नाही की लवंग नाही. ती करामत यीस्टची. गव्हामुळे गढूळ, जिभेवर मऊ. झकास. स्टाउटमध्ये भाजलेल्या माल्टचा कॉफीसारखा कडवटपणा, शेवट मात्र पाणचट. आंब्याच्या एलवर सगळं टेबल खूश. मलाही आवडली, पण दाद बिअरला देतोय की आंब्याला, हे कळेना.

खरी परीक्षा लागरची. तिचे दोष झाकायला काहीच नसतं. आंबवून झाल्यावर ती काही आठवडे थंडीत मुरावी लागते. घाई केली तर डायअ‍ॅसिटिल उरतं आणि लोण्यासारखा वास येतो. इथे तो आला. छोट्या ब्रुअरीत टाक्या मोजक्याच. एक लागर मुरेपर्यंत त्याच टाकीतून एलच्या दोन खेपा निघतात. तरी यांनी लागर करायला घेतली. आपण फक्त आंब्यालाच टाळ्या वाजवल्या, तर पुढच्या वेळी ती टाकीही आंब्यालाच जाईल.

निघताना ब्रुअरला म्हटलं, ‘लागर फसलीय, पण बंद करू नका. तिला अजून वेळ द्या.’