अंतर्गत गुण आणि सामाईक परीक्षा : अकरावी प्रवेशाच्या निमित्ताने

२०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३० व तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० अशा गुणांवर राज्यमंडळाचा निकाल ९९.९५ टक्के लागला. अकरावीची ऐच्छिक सीईटी राज्यमंडळाच्याच अभ्यासक्रमावर बेतलेली होती. इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांवर तो अन्याय होता. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट रोजी ती रद्द ठरवली, हे योग्यच. मात्र त्यामुळे हाती उरले ते शाळेने दिलेले गुणच. धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातून विज्ञान शाखेसाठी लातूरला जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याची गुणवत्ता शिक्षकाच्या सढळ वा आखडत्या हातावर ठरणार होती. सदोष सीईटी सुधारता आली असती. काटेकोर गुण देणाऱ्या शाळेतील विद्यार्थ्याने दाद कोठे मागावयाची?