‘बोर्ग व्हर्सेस मॅकेन्रो’ : तुलना करताना एक पारडं जड झालं तर?

पीएचडीची सिनॉप्सिस लिहिणाऱ्या बऱ्याच जणांच्या शीर्षकात ‘एक तुलनात्मक अभ्यास’ हे शब्द असतात. माझ्याही होते. तुम्हीही असं काही ठरवलं असेल, तर अर्ज भरण्याआधी एक सिनेमा बघा. यानुस मेट्झ या डॅनिश दिग्दर्शकाचा, २०१७ साली आलेला ‘बोर्ग व्हर्सेस मॅकेन्रो’. टेनिसमधलं काही कळत नसलं तरी चालेल. सिनेमा चांगला आहे, पण मी तो सुचवतोय तो त्यातल्या एका चुकीसाठी. आपण सगळे तीच चूक करतो.

आधी विषय. १९८० सालची विम्बल्डन स्पर्धा. स्वीडनचा ब्यॉन बोर्ग २४ वर्षांचा, सलग चार वेळा विजेता, आता पाचव्यांदा जिंकायला आलेला. चेहऱ्यावरची रेषही हलणार नाही असा. समोर अमेरिकेचा जॉन मॅकेन्रो, वय २१, पंचांशी भांडणारा, प्रेक्षकांच्या शिव्याशाप खाणारा. वर्तमानपत्रांनी एकाला बर्फ म्हटलं, दुसऱ्याला आग. सिनेमा या ठरीव विरोधाला प्रश्न विचारतो: हे दोघं खरंच वेगळे आहेत का? की आतून सारखेच, फक्त एकाने झाकण लावलंय आणि दुसऱ्याने लावलेलं नाही?

संशोधनाच्या भाषेत हे गृहीतक झालं, आणि चांगलं गृहीतक झालं. सगळ्यांना उघड दिसणाऱ्या फरकावर ते शंका घेतं. पुरावाही तसा तगडा आहे. बोर्ग लहानपणी भयंकर तापट होता, रॅकेट आपटायचा, आणि त्यापायी त्याच्यावर क्लबची बंदी आली होती. पुढे प्रशिक्षक लेनार्ट बेर्गेलिन त्याला हाताशी धरतो आणि सगळा राग एकेका चेंडूत ओतायला शिकवतो. लहानग्या बोर्गचं काम बोर्गच्याच मुलाने, लिओने, केलं आहे.

सिनेमातला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे बोर्गच्या सवयी. हॉटेलची खोली थंडगार ठेवणं, रॅकेट जमिनीवर ओळीने मांडून तारांचा ताण तपासणं, दरवर्षी सगळं तसंच्या तसं करणं. ‘तो आतून घाबरलेला आहे’ असं कुणी बोलून दाखवत नाही. तुम्ही त्या रॅकेट बघता आणि तुम्हाला कळतं. निरीक्षण कसं नोंदवावं हे शिकायचं तर हे प्रसंग दोनदा बघा. फील्ड नोट्समध्ये ‘तणाव जाणवला’ असं लिहून आपण मोकळे होतो. तो कशावरून जाणवला, हे लिहायचं राहून जातं. मेट्झने याआधी अफगाणिस्तानातल्या डॅनिश सैनिकांवर ‘आर्माडिलो’ हा माहितीपट केला होता. नुसतं बघत राहण्याची ती सवय इथे कामी आली आहे.

आता चूक. घड्याळ लावायचीही गरज नाही, बघताना आपोआप जाणवतं की बोर्गच्या वाट्याला बालपण आहे, प्रशिक्षक आहे, होणारी बायको आहे, मोनाकोतली एकटी दुपार आहे. मॅकेन्रोच्या वाट्याला काय? पाहुण्यांसमोर मोठमोठे गुणाकार करून दाखवायला लावणारे वडील, हॉटेलच्या भिंतीवर काढलेला स्पर्धेचा तक्ता, आणखी थोडंफार. शाया लबफने जीव ओतून काम केलंय, पण त्याला मिळालेलं साहित्यच कमी. स्वेरिर गुडनासनचा बोर्ग माणूस म्हणून उभा राहतो, मॅकेन्रो मात्र आरशासारखा वापरला जातो. स्वीडनमध्ये हा सिनेमा नुसत्या ‘बोर्ग’ या नावाने लागला. ते शीर्षक जास्त प्रामाणिक होतं.

‘दोघं आतून सारखे’ असं म्हणायचं तर दोघांच्याही आत सारख्याच खोलीवर जावं लागतं. एकाच्या घरात शिरायचं आणि दुसऱ्याच्या खिडकीतून डोकवायचं, आणि मग घरं सारखीच आहेत म्हणायचं, हे चालत नाही.

हे मला सिनेमा बघण्याआधी कळायला हवं होतं. मी दोन गावांतल्या दूध सोसायट्यांची तुलना करत होतो. एका गावात मावशी राहते, तिथे २३ मुलाखती झाल्या. दुसऱ्या गावात सहा. प्रकरण लिहून गाईडकडे दिलं. बाईंनी चार पानं चाळून विचारलं, “दुसऱ्या गावाचा सेक्रेटरी कुठल्या प्रश्नावर चिडला होता?” मला सांगता येईना. पहिल्या गावाचं सगळं तोंडपाठ होतं. बाई म्हणाल्या, “मग ही तुलना नाही. एका गावाचा अभ्यास आहे, दुसरं तोंडी लावायला घेतलंयस.” प्रकरण परत आलं. आठ महिने गेले.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ५ जुलै १९८० च्या त्या अंतिम सामन्यात चौथ्या सेटचा टायब्रेकर ३४ गुण चालला. बोर्गने त्यात पाच मॅच पॉइंट घालवले आणि तो १८-१६ ने मॅकेन्रोने घेतला. सिनेमाचा सगळा जोर याच भागावर आहे, आणि तो आहेही थरारक. पण खरं कोडं त्यानंतरचं आहे. असा टायब्रेकर हातचा गेल्यावर माणूस कोसळायला हवा. बोर्गने पाचव्या सेटमध्ये आपल्या सात सर्व्हिस गेममध्ये मिळून फक्त तीन गुण गमावले आणि सेट ८-६ ने जिंकला. आत ज्वालामुखी खदखदत होता हे मान्य. मग तो इथे फुटला कसा नाही? दीड तास आपल्याला ताणाची कारणं सांगितली जातात, आणि ज्याचं उत्तर हवं तो पाचवा सेट त्या मानाने लवकर आटोपतो.

असं का झालं असावं? मला वाटतं, कारण सिनेमाला पुढचं माहीत आहे. १९८१ च्या अंतिम सामन्यात मॅकेन्रोने बोर्गला हरवलं, आणि १९८३ मध्ये, २६ व्या वर्षी, बोर्ग निवृत्त झाला. शेवट ठाऊक असला की मागची प्रत्येक गोष्ट त्या शेवटाचीच खूण वाटायला लागते. थंड खोली म्हणजे तुटण्याची सुरुवात. पण त्याच थंड खोलीत झोपून तो आधीची विजेतेपदंही जिंकला होता ना? बंद पडलेल्या संस्थेचा अभ्यास करताना आपण हेच करतो. दहा वर्षांपूर्वीच्या इतिवृत्तातलं साधं भांडणही आपल्याला ‘ऱ्हासाची नांदी’ दिसतं. चालू असलेल्या संस्थांमध्येही तसली भांडणं होतात, पण ती आपण मोजलेली नसतात.

म्हणून सांगतो, सिनेमा बघा आणि बघताना एक कागद घ्या. मधोमध रेघ मारा. डावीकडे बोर्गबद्दल कळलेली प्रत्येक गोष्ट, उजवीकडे मॅकेन्रोबद्दलची. शेवटी दोन्ही बाजू बघा. मग स्वतःच्या सिनॉप्सिससाठी तसाच कागद करा. उजवी बाजू रिकामी राहिली तर दोनच मार्ग आहेत: परत फील्डवर जा, नाहीतर शीर्षकातून ‘तुलनात्मक’ काढा. दुसरा मार्ग कमीपणाचा नाही. मी अखेर तोच घेतला.