खंजेरी-भजनातील बोलणे : एका वादाची चिकित्सा

सेलू तालुक्यातील खेड्यांत खंजेरी-भजनाचा कार्यक्रम आटोपल्यावर श्रोत्यांमध्ये जो वाद निघतो, तो गळ्याविषयी किंवा ठेक्याविषयी क्वचितच असतो. तो असतो बोलण्याविषयी. भजन म्हणता म्हणता मुख्य भजनी थांबतो, खंजेरीवरचा हात सैल करतो आणि समोरच्या मंडळींशी बोलू लागतो; दारूविषयी, हुंड्याविषयी, कर्ज काढून केलेल्या लग्नाविषयी एखादी गोष्ट सांगतो आणि मग पुन्हा धृपदावर येतो. हे बोलणे काहींना भजनाचा प्राण वाटते, तर काहींना भजनात शिरलेले व्याख्यान. ‘भजन ऐकायला आलो, भाषण ऐकायला नाही,’ हा एका पक्षाचा आक्षेप. ‘बोलला नाही तर नुसता ठेका घेऊन घरी काय जायचे,’ हे दुसऱ्या पक्षाचे उत्तर. दोन्ही पक्षांची मंडळी भजनाची सारखीच दर्दी असल्यामुळे हा वाद केवळ अभिरुचीचा म्हणून सोडून देता येत नाही. खंजेरी-भजनात बोलण्याचे स्थान कोणते, हा मूळ प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बोलण्याच्या आशयापेक्षा त्याच्या भाषेत व लयीत शोधणे अधिक फलदायी ठरते.

या प्रकाराची परंपरा वर्धा-अमरावती या टापूत ज्या दोन पुरुषांपर्यंत जाऊन पोहोचते, त्या दोघांनीही बोलणे व म्हणणे यांत भिंत उभी केली नव्हती. गाडगेबाबांच्या (1876–1956) कीर्तनात गाणे थोडे आणि संवाद फार असे. बाबा प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. तुकडोजी महाराजांच्या (1909–1968) ठिकाणी प्रमाण बदलले. तेथे भजन व खंजेरी पुढे आली. तरीही समुदायाला उद्देशून बोलणे हे त्यांच्या कार्याचे अविभाज्य अंग राहिले. 1936 मध्ये गांधीजींच्या सहवासात सेवाग्रामला त्यांचा मुक्काम झाला. ऑगस्ट 1942 मध्ये त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगात ठेवण्यात आले. वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि चंद्रपूरकडील चिमूर येथील उठावांचाच तो महिना होता. खंजेरी हे केवळ देवघरातले वाद्य असते, तर परकीय सरकारला तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. सेवाग्राम आणि पवनार ज्या तालुक्याच्या उंबरठ्यावर आहेत, त्या सेलूत भजनाने लोकांशी बोलावे ही अपेक्षा अस्वाभाविक म्हणता येणार नाही.

तथापि परंपरेचा दाखला दिल्याने कलेचा प्रश्न सुटत नाही. जे पूर्वी होते ते चांगलेच होते, असे गृहीत धरण्याचा मोह लोककलांच्या अभ्यासात फार बळावलेला आहे. तो टाळून प्रथम वाद्याकडे पाहिले पाहिजे.

खंजेरी हे एका बाजूने कातडे ताणलेले, कड्याला झांजा बसवलेले, हातात धरून वाजवण्याचे लहान वाद्य. मृदंग किंवा तबला वाजवणारा कीर्तनकाराहून वेगळा असतो. तेथे निरूपण एकाचे आणि ठेका दुसऱ्याचा. खंजेरी-भजनात जो वाजवतो तोच म्हणतो आणि तोच बोलतो. झांजांचा तीक्ष्ण आवाज थेट त्याच्या तोंडाजवळ होत असल्यामुळे, शब्द ऐकू जावा असे वाटत असेल तर त्याला हात आवरावा लागतो. म्हणजे बोलणे आणि वाजवणे यांची पाळी येथे संकेताने ठरलेली नाही. वाद्याच्या घडणीनेच ती ठरवली आहे. अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराजांनी सात खंजेऱ्या एकट्याने वाजवण्याची रीत लोकप्रिय केली, तेव्हा हात तर आणखीच गुंतले. पण त्यांच्या कार्यक्रमात वऱ्हाडी बोलण्याचा भाग कमी झाला नाही. वादनकौशल्य वाढले की बोलणे मागे हटते, हा समज यावरून तरी खरा ठरत नाही.

आता भाषेचा विचार करू. भजनाची पदे बहुधा प्रमाण मराठीत किंवा हिंदीत असतात. तुकडोजी महाराजांची रचनाही या दोन्ही भाषांत आहे. छापील पुस्तकातून पाठ केलेले पद उच्चारात थोडेफार वाकते, पण त्याचे व्याकरण बदलत नाही. बोलणे सुरू होताच मात्र भाषा पालटते. ‘मला’चे ‘मले’ होते, ‘का’च्या जागी ‘काहून’ येते, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो आणि ‘करत आहे’ऐवजी ‘करून राह्यला’ असा प्रयोग ऐकू येतो. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) वऱ्हाडी व नागपुरी यांची नोंद वेगवेगळी केलेली असली, तरी त्यांच्यात फारसा भेद मानलेला नाही. आणि वर्धा जिल्हा तर दोहोंच्या सांध्यावर आहे. तेव्हा सेलूच्या भजनी मंडळीचे बोलणे कोणत्या नावाखाली घालावे, हा वाद येथे बाजूस ठेवला तरी चालेल. महत्त्वाची गोष्ट अशी की, संपूर्ण कार्यक्रमात श्रोत्याची घरची भाषा जर कोठे ऐकू येत असेल, तर ती या बोलण्यातच. ‘बोलणे काढा’ असे म्हणणारा आक्षेपक स्वतःच्या नकळत स्वतःची बोलीच व्यासपीठावरून उतरवीत असतो.

ही भाषा केवळ ओळखीची म्हणून येथे शोभते, असेही नाही. ती लयीला सोयीची आहे. ‘करतो आहे’ या रूपापेक्षा ‘करून राह्यला’ या रूपाला शेपूट लांब आहे. शेवटचा ‘ला’ हवा तितका ओढता येतो आणि त्या ओढीवर खंजेरीची थाप अलगद बसते. ‘बाप्पा’, ‘लेका’, ‘न’, ‘नं’ हे वाक्याच्या शेवटी येणारे शब्द अर्थात फारशी भर घालीत नाहीत. पण बोलणाऱ्याला श्वास घ्यायला आणि ऐकणाऱ्याला हुंकार द्यायला जागा करून देतात. त्यातही मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, या साध्या गोष्टीचा चांगला भजनी पुरेपूर लाभ घेतो. वाक्य बांधत आणायचे, कर्ता, कर्म, स्थळ, सगळे सांगून टाकायचे आणि क्रियापदापाशी थांबायचे. ते क्रियापद मग श्रोतेच उच्चारतात. गाडगेबाबांच्या प्रश्नोत्तरांचे सामर्थ्यही बरेचसे या अडवून धरलेल्या शेवटात होते. कित्येकदा क्रियापद कोणीच उच्चारीत नाही. त्याच्या जागी थाप पडते, मागची मंडळी धृपद उचलतात आणि अपुऱ्या वाक्याचा अर्थ धृपदाने पूर्ण होतो. बोलण्यातून भजनाकडे येण्याची ही उचल ज्याला साधली, त्याच्या बोलण्यावर सहसा कोणी आक्षेप घेत नाही. आक्षेप येतो तो बोलणे संपल्यावर क्षणभर शांतता होऊन, मग घसा साफ करून, नव्याने भजन सुरू करणाऱ्यावर. त्याचे बोलणे खरोखरच भाषण झालेले असते.

या दृष्टीने गोंधळ व पोवाडा यांच्याशी तुलना करणे उपयुक्त आहे. गोंधळाच्या आख्यानात नायक कथा सांगतो आणि त्याचा साथीदार मध्येच प्रश्न टाकून, शंका काढून, विनोद करून ती अडवतो. संबळ दोघांच्याही बोलण्याला विराम पुरवते. पोवाड्यात शाहीर पद्य सोडून गद्यात येतो तेव्हाही त्याचा स्वर सामान्य संभाषणाचा नसतो. डफाच्या थापेने बांधलेले ते चढे कथन असते आणि झीलकऱ्यांच्या ‘जी जी’ने त्याचा शेवट होतो. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या पिढीने शाहिरीला राजकीय प्रचाराच्या कामी लावले, तरी ही बांधणी सोडली नाही. दोन्ही प्रकारांत बोलणाऱ्याला अडवणारे कोणीतरी समोर आहे. खंजेरी-भजनात असा ठरलेला साथीदार नाही. ते काम श्रोत्यांनाच करावे लागते आणि म्हणूनच बोलणे बिघडले की ते येथे अधिक लवकर कंटाळवाणे होते.

ध्वनिक्षेपकाने या व्यवस्थेत जो पालट केला, त्याकडे वादातील दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष झालेले दिसते. पूर्वी शब्द ऐकू जाण्यासाठी हात थांबवावा लागे. ध्वनिक्षेपक आल्यावर वाजवता वाजवताही बोलता येऊ लागले, शेजारचा दुसरा माणूस भजनावर बोलू लागला, आणि हळूहळू निवेदक नावाची एक स्वतंत्र व्यक्ती व्यासपीठावर आली. हा निवेदक पुढच्या भजनाचा आशय आधीच सांगतो, मंडळाची ओळख करून देतो, आणि ते सर्व शाळेत शिकवल्या जाणाऱ्या प्रमाण मराठीत. त्याच्या हाती खंजेरी नसते. त्यामुळे त्याच्या वाक्याला कोठे थांबावे हे सांगणारे काहीच नसते. श्रोता ‘बोलणे नको’ म्हणतो तेव्हा अनेकदा त्याचा रोख या निवेदनावर असतो. पण शब्द एकच असल्यामुळे भजन्याचे बोलणेही त्याच आरोपात सापडते. दोन भिन्न गोष्टींना एकच नाव मिळाल्याने वाद कसा गढूळ होतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

अगदी दूरच्या एका कलाप्रकारातही हेच घडलेले आहे. अमेरिकेत ढोल आणि पितळी तुताऱ्या यांची मोठी संचलन-पथके उघड्या मैदानावर आपले कार्यक्रम सादर करतात. ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ या संस्थेच्या राष्ट्रीय स्पर्धा 1972 पासून होत आहेत. तेथे ध्वनिवर्धनाला 2004 पर्यंत मज्जाव होता. तो उठताच काही पथकांनी वादनावर बोललेले कथन योजण्यास आरंभ केला. ‘द कॅडेट्स’ हे 1934 मध्ये स्थापन झालेले आणि 2024 मध्ये बंद पडलेले नामांकित पथक. त्याच्या 2007 व 2008 च्या कार्यक्रमांत असे कथन इतके होते की, त्यावरून श्रोत्यांत कडाक्याचा वाद माजला. वादन स्वतःच बोलत असताना त्याचा अर्थ सांगणारा माणूस कशाला, असे जुन्या श्रोत्यांचे म्हणणे. तर नव्या प्रेक्षकाला कथनामुळे आशय उमगतो, असे समर्थकांचे. सेलूच्या वादाशी याचे साम्य उघड आहे, आणि कारणही एकच आहे: यंत्राने आवाज आणि वाद्य यांची सक्तीची पाळी मोडली. भेद मात्र मोठा आहे. त्या पथकांच्या कलेत बोलणे मुळात नव्हते. ते बाहेरून आले. खंजेरी-भजनात ते मुळातच आहे. म्हणून तेथील आक्षेप येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. आपल्याकडील ढोल-ताशा पथकांचे उदाहरणही याच बाजूचे: तेथे गर्जना होते ती वादनाच्या आधी किंवा दोन वादनांच्या मध्ये, आणि ढोल सुरू झाल्यावर त्यावर कोणी बोलू लागले तर ते कानाला लगेच खटकते.

आक्षेपकांचे सर्वच म्हणणे निराधार आहे, असे यावरून समजू नये. बोलण्याच्या नावाखाली बरेच निकृष्ट माल खपतो. सासू-सुनांवरचे तेच ते विनोद, बायकोच्या अडाणीपणावरची हमखास हशा पिकवणारी गोष्ट, ऐकीव आकडे आणि प्रत्येक भजनानंतर तोच उपदेश, यांनी श्रोता विटला तर दोष श्रोत्याचा नाही. ज्या पदात व्यसनाचा निषेध आहे, त्या पदानंतर तोच निषेध गद्यात पुन्हा सांगणे म्हणजे पदावर अविश्वास दाखवणे होय. चांगले बोलणे पदात नसलेले काहीतरी आणते. ते पदाला गावातला पत्ता देते: कोणाच्या घरात, कोणत्या हंगामात, कापसाचे पैसे हाती आल्यावर की येण्याआधी. पदाचे सामान्य विधान आणि बोलण्याचा विशिष्ट दाखला यांत अंतर असेल तरच त्या दोहोंमध्ये खंजेरीला काम उरते. नाहीतर ती केवळ मध्यंतराची घंटा होते.

स्पर्धांच्या प्रथेने या बाबतीत उलटाच परिणाम घडवण्याचा संभव आहे. वेळेची मर्यादा पडली की मंडळे प्रथम बोलण्यालाच कात्री लावतात, कारण पद अर्धे सोडता येत नाही. उरलेले दोन-चार शब्दही परीक्षकांसमोर म्हणून प्रमाण भाषेत उच्चारले जातात. असे झाले की निकृष्ट बोलण्याबरोबर उत्कृष्ट बोलणेही जाते, आणि निवेदन मात्र सुरक्षित राहते. कारण त्याचा वेळ मंडळाच्या हिशेबात धरला जात नाही.

अभ्यासकांच्या वाट्यालाही यातील काही दोष येतो. भजनांची पुस्तके निघाली, पदांचे संग्रह झाले, चालींची चर्चा झाली. दोन पदांमधले बोलणे मात्र कोणी उतरवून घ्यावे असे वाटले नाही. ते पद्य नाही म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकाने सोडले, आणि रंगमंचावरचे म्हणून बोलीच्या अभ्यासकाने कृत्रिम मानले. 2005 पासून तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या नागपूर विद्यापीठाच्या परिसरात तरी हे काम व्हावयास हवे. ते करताना केवळ शब्द टिपून भागणार नाही. थाप कोणत्या अक्षरावर पडली, हात कोठे थांबला, वाक्याचा शेवट भजन्याने उच्चारला की श्रोत्यांनी, आणि धृपद उचलण्यापूर्वी किती श्वासांचा अवकाश गेला, याची नोंद शब्दांच्या ओळीखाली दुसऱ्या ओळीत करावी लागेल. सेलू, सिंदी, हिंगणी या गावांतील एकाच पदाच्या तीन बैठका अशा पद्धतीने शेजारी शेजारी मांडल्या, तर कोणते बोलणे भजनाचे आहे आणि कोणते त्याच्या शेजारी उभे आहे, हे त्या दुसऱ्या ओळीवरूनच ताडून पाहता येईल.