पडद्यावरचे खेळ व पडद्यापुढची मंडळी

नाटक, चित्रपट, गायनाची बैठक व चित्रांचे प्रदर्शन यांची परीक्षणे मराठी मासिकांतून आज कित्येक वर्षे येत आहेत. कादंबरीस तर टीकाकारांचा तोटा कधीच पडला नाही. परंतु घरोघरची मुले, आणि खरे बोलावयाचे तर त्यांचे आईबापही, ज्या करमणुकीत आपला पुष्कळसा वेळ घालवितात, त्या व्हिडिओ गेमविषयी आमच्या सुशिक्षित वर्गास दोनच वाक्ये ठाऊक आहेत : 'डोळे बिघडतात' आणि 'अभ्यास बुडतो'. ही वाक्ये खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण पहिले वैद्याचे व दुसरे पंतोजीचे आहे. रसिकाचे वाक्य अद्याप कोणी उच्चारलेच नाही. अमुक खेळ चांगला का आणि तमुक टाकाऊ का, हे कोणी सांगत नाही. आणि म्हणून घरच्या वडील मंडळींपुढे सरसकट बंदी किंवा सरसकट मोकळीक यांवाचून तिसरा मार्ग उरत नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला. त्या कायद्याने निदान एक भेद स्पष्ट केला : पैशाचा खेळ निराळा आणि केवळ करमणुकीचा किंवा कौशल्याचा खेळ निराळा. सरकारचे काम तेथे संपते. रसिकाचे तेथून सुरू होते. जुगार वजा केल्यावर जे उरते त्यात सोने किती व पितळ किती, हे कायद्याने ठरावयाचे नाही.

कोल्हापूरकरांस तरी असा प्रसंग नवा वाटू नये. बाबूराव पेंटर यांनी स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याने येथे चित्रपट घेतले, 1920 साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला, आणि 1929 साली याच गावात 'प्रभात'चा जन्म झाला. त्या काळी प्रतिष्ठित घरांतून सिनेमाकडे ज्या नजरेने पाहत, तिच्यात आणि आजच्या गेमकडे पाहण्याच्या नजरेत फारसे अंतर नाही. चित्रपटास त्याची योग्यता मिळाली ती चांगल्यास चांगले म्हणणारे प्रेक्षक निर्माण झाल्यावर.

या हेतूने आम्ही गेल्या सुटीत मंगळवार पेठेतील एका स्नेह्यांच्या घरी चार रात्री बसून काही खेळ खेळून पाहिले. काही जुने, काही विक्षिप्त, तर काही मुद्दाम मंडळी जमवून खेळण्यासाठीच केलेले होते. आजोबांपासून दहा वर्षांच्या नातीपर्यंत तीन पिढ्या हजर होत्या. परीक्षेची कसोटी आम्ही खासबागेतून घेतली. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत उभारलेल्या त्या कुस्तीच्या मैदानाची रचनाच अशी की, कोठेही बसलेल्या माणसास मधला आखाडा दिसावा. लढतात दोघे, पण डाव ओळखणारे, हळहळणारे व आरोळी ठोकणारे सारे मैदान त्या कुस्तीत सामील असते. घरच्या बैठकीतील खेळासही हाच प्रश्न विचारावा : ज्याची पाळी नाही, त्यास हा खेळ काय देतो?

प्रथम जुन्या खेळांकडे वळू. अमेरिकेत 1958 साली विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने ऑसिलोस्कोपच्या काचेवर टेनिसचा एक खेळ मांडला होता. पण ही करमणूक दुकानोदुकानी पोहोचली ती 1972 सालच्या 'पाँग'ने. ॲलन अल्कॉर्न यांनी 'अटारी'साठी तयार केलेल्या या खेळात दोन उभ्या फळ्या आणि एक ठिपका, याहून अधिक काही नाही. आजोबांस तो समजावून सांगावा लागला नाही. खेळाचे मर्म मात्र वरवर पाहणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. फळीचे आठ भाग कल्पिलेले असून चेंडू कोणत्या भागावर आदळतो त्याप्रमाणे त्याचा परतीचा कोन बदलतो. शिवाय टोले वाढत जातात तसा वेगही वाढतो. एवढ्याशा युक्तीने त्या निर्जीव ठिपक्यात हुलकावणी देण्याचे सामर्थ्य आले आहे. आजोबांनी नातीस तीन वेळा हुलकावणी दिली, आणि पाहणाऱ्यांनी बाजू वाटून घेतल्या. पन्नास वर्षांपूर्वीची ही दोन रेघांची रचना आमच्या कसोटीस पूर्ण उतरली.

'टेट्रिस' मॉस्कोतील अलेक्सेई पाजित्नोव यांनी 1984 साली रचला. त्यांच्या यंत्रास चित्रे काढता येत नसल्यामुळे पहिल्या खेळातील चौकोन कंसांच्या चिन्हांनी दाखविलेले होते. वरून पडणारे सात आकारांचे तुकडे फटी न ठेवता बसवावयाचे, हा प्रकार प्रवासाची ट्रंक भरणाऱ्या कोणत्याही गृहिणीस ओळखीचा वाटेल. नव्वदीच्या दशकात '9999 इन 1' असे छापलेली हातातील यंत्रे जत्रेतून व बाजारातून घरोघर गेली, ती मुख्यतः याच खेळाच्या जोरावर. एकट्याने खेळावयाचा असूनही यात पाहणाऱ्यास काम आहे. कारण चूक कोठे झाली ते खेळणाऱ्याच्या आधी त्यास दिसते. या खेळात शेवटचा विजय नाही, पराभव तेवढा पुढे ढकलावयाचा असतो. 2023 च्या अखेरीस अमेरिकेतील एका तेरा वर्षांच्या मुलाने 1989 सालच्या निन्टेन्डोवरील आवृत्तीत इतकी मजल मारली की, अखेर यंत्रच गोठले. अशा रीतीने हरणेही ज्यास गोड वाटते, त्यास या खेळाची गोडी कळली.

जपानी 'फॅमिकॉम' 1983 साली निघाला आणि त्याच्या नकला नव्वदीत आमच्याकडे टीव्हीला जोडल्या गेल्या. पिवळ्या कॅसेटीच्या तोंडात फुंकर घालून ती पुन्हा खोचण्याचा विधी ज्यांना आठवतो, त्यांच्यापुढे 'कॉन्ट्रा'चे नाव काढण्याचाच अवकाश! कोनामीचा हा 1987 सालचा खेळ कथेच्या दृष्टीने अगदी दरिद्री असून त्यात आरंभापासून अखेरपर्यंत गोळीबारच आहे. तो आम्ही लहानांपुढे भीतभीतच मांडला. परंतु त्याच्या रचनेत एक शहाणपण आहे. दोघे खेळाडू एकाच पडद्यावर असतात. धबधबा चढण्याच्या टप्प्यात जो पुढे धावतो, त्याच्यामुळे पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला सोबती खाली पडून मरतो. चपळ थोरल्या भावास धाकट्यासाठी थांबावे लागते. आमच्या समोर पहिल्या तीन डावांत भाऊ भांडले, चौथ्यात थोरला थांबला. गोळ्या झाडण्याच्या खेळात हे शिक्षण लपलेले असेल, असे कोणास वाटले असते?

विक्षिप्त खेळांपैकी दोहोंचाच येथे विचार करतो. केइता ताकाहाशी यांचा 'कातामारी दामाशी' 2004 चा. विश्वाच्या राजाने धुंदीत आकाशातील तारे फोडून टाकले. ते पुन्हा घडविण्यासाठी त्याच्या बोटाएवढ्या राजपुत्राने एक चिकट गोळा घरंगळवीत न्यावयाचा. आरंभी त्यास टाचण्या चिकटतात, मग पेन्सिली, मग मांजरे, मग माणसे, आणि शेवटी घरेदारेही. आकार वाढला की तीच सृष्टी निराळी दिसू लागते. कालचा डोंगर आज खडा होतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने 2012 साली जे पहिले चौदा व्हिडिओ गेम संग्रही घेतले, त्यांत 'टेट्रिस'बरोबर हाही आहे, आणि तो मान त्यास शोभतो. पण बैठकीत त्याचा दोष उघडा पडला. डाव लांबतो, गोळा वळविणे वडिलांच्या हातास साधत नाही, आणि पहिला हशा ओसरल्यावर पाहणारे गप्पांस लागतात. उत्तम कलाकृती प्रत्येक वेळी उत्तम बैठकीची असतेच असे नाही.

मेलबर्नच्या 'हाउस हाउस' मंडळींचा 2019 सालचा 'अनटायटल्ड गूज गेम' मात्र दोन्ही अंगांनी सरस. खेळणारा होतो एक हंस, आणि त्याच्या हाती असते खोड्यांची यादी : माळ्याच्या किल्ल्या पळवा, त्यास भिजवा, इत्यादी. रक्त नाही, मरण नाही. डेब्यूसीचे पियानोवादन हंसाच्या पावलागणिक थांबते व धावते. गोकुळातील खोड्या ऐकत वाढलेल्या आमच्या मनास हा रस परका नाही. येथील गंमत खोडी करणाऱ्याइतकीच फजीत होणाऱ्याच्या हालचालींत आहे, आणि ती पाहणाऱ्यास अधिक दिसते. 2020 पासून त्यात दोन हंसांची सोय झाली. मग आजी व नात मिळून त्या माळ्यास जो त्रास देऊ लागल्या, त्याने बैठकीस रंग चढला.

आता मंडळींसाठीच रचलेल्या खेळांविषयी. या वर्गाचा मूळपुरुष म्हणजे 1998 चा 'मारिओ पार्टी'. त्यात दांडी तळहाताने गरगर फिरविण्याच्या हट्टापायी मुलांचे हात सोलून निघाले आणि 2000 साली अमेरिकेत निन्टेन्डोस हातमोजे वाटण्याचे कबूल करावे लागले, एवढा इतिहास त्याच्या ओळखीस पुरे. 2016 चा 'ओव्हरकुक्ड' फार पुढे गेलेला आहे. चौघांनी मिळून एक स्वयंपाकघर चालवावयाचे : एकाने चिरावयाचे, एकाने शिजवावयाचे, एकाने वाढावयाचे, एकाने ताटे विसळावयाची, आणि मध्येच जमीन दुभंगून चूल एकीकडे व भांडी दुसरीकडे जावयाची. लग्नघरच्या पंगतीत आचारी, वाढपी व यजमान यांची उडणारी त्रेधा ज्यांनी पाहिली आहे, त्यांस याहून अधिक वर्णन नको. घरातील ज्येष्ठतेचा क्रम येथे उलटतो. कन्ट्रोलर प्रथमच हाती धरलेल्या यजमानीणबाईंनी दहा मिनिटांत कामांची वाटणी केली, आणि ज्यांचा शब्द घरात शेवटचा असतो ते गृहस्थ मुकाट्याने ताटे विसळीत राहिले. वेग वृद्धांस झेपत नाही, हा एवढाच त्याचा दोष.

परंतु चारही रात्रींत श्रेष्ठ ठरला तो कॅनडातील 'स्टील क्रेट गेम्स' यांचा 2015 चा 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स'. एकाच्याच डोळ्यांसमोर बॉम्ब असतो. तो निकामी करण्याची तेवीस पानांची पुस्तिका इतरांच्या हाती असते. आणि दोघांनी एकमेकांचे पाहावयाचे नाही. दुवा काय तो शब्दांचा. पुस्तिका आमच्याकडे इंग्रजीत होती, म्हणून वाचणाऱ्याने ती तोंडीच मराठी करावयाची असे ठरले. आणि मग जे घडले ते कोणत्याही भाषाभिमान्याने पाहावयास हवे होते. अनोळखी ग्रीक व रशियन अक्षरांस नावे द्यावी लागली : एक झाला 'त्रिशूळ', दुसरा 'घोड्याचा नाल', तिसरी 'शेपटीची जिलेबी'. घड्याळ टिकटिकत असता 'डावीकडची' म्हणजे कोणाच्या डावीकडची, यावर खडाजंगी झाली. नेमके व थोडक्यात बोलावयास शिकविणारी याहून कडक शाळा आम्ही पाहिली नाही. येथे पाहणारा कोणी उरतच नाही. सारी बैठक आखाड्यात उतरते.

शेवटी स्वदेशाकडे. नवी मुंबईत 2016 साली निघालेला 'लुडो किंग' सर्वांच्या फोनवर आहे. आमची पचिशी इंग्लंडात जाऊन 1896 साली 'लुडो' या नावाने पेटंट घेऊन बसली, आणि एकशेवीस वर्षांनी फोनवर चढून परत आली. 2020 च्या टाळेबंदीत दूरदूर अडकलेली कुटुंबे तिने रोज एकत्र बसविली, हे तिचे मोठे पुण्य. पण एकाच सतरंजीवर बसून एकच फोन हातोहात फिरविताना कवड्यांचा खुळखुळाट व दान टाकणाऱ्याचा आविर्भाव आठवतो, आणि यंत्राने टाकलेल्या दानावर कोणाचाच पूर्ण विश्वास बसत नाही. मधूनमधून जाहिराती घुसतात त्या निराळ्याच. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 2020 चा 'राजी' याहून कितीतरी देखणा. पहाडी चित्रशैलीची आणि छायाबाहुल्यांची त्याने केलेली योजना डोळ्यांचे पारणे फेडते. पण तो एकट्याने खेळावयाचा आहे.

आमचे मागणे यातूनच निघते. कसब महाराष्ट्रात आहे, हे वरील दोन नावांनी सिद्ध होते. पंगत, मंगळागौर, भारूड, कुस्तीचा फड, गल्लीतला गणपती, असे बैठकीचे भांडवल तर येथे पिढीजात पडलेले आहे. ते घेऊन मराठी बोलणारा, मराठीतच भांडावयास लावणारा एखादा खेळ आमच्या तरुण कारागिरांनी रचावा. आणि पालकांस आमचे सांगणे एवढेच की, मुलाच्या हातातील खेळ हिसकावण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसून एक डाव पाहावा. जो खेळ शेजारी बसणाऱ्यास जागा देतो, तो घरात राहू द्यावा. जो प्रत्येकास आपापल्या खोलीत कोंडतो, त्याची वेळ बांधून द्यावी. घड्याळ दोहोंसही लागेलच. पण पहिल्या खेळाच्या वेळी ते घड्याळ सर्वांनी मिळून विसरले, तर त्याबद्दल कोणी कोणास रागे भरू नये.