बेट्सी स्टॉक्टनची रोजनिशी

काळ्यांच्या साहित्याशी दलित साहित्याचे नाते सांगताना आपण रिचर्ड राइट, बॉल्डविन, लँग्स्टन ह्यूज ही नावे घेतो. ती घेतलीच पाहिजेत. पण गुलाम म्हणून जन्मलेली, जेमतेम पंचविशीतली एक बाई १८२२ साली मिशनरी होऊन हवाई बेटांवर गेली आणि तिथले दिवस तिने लिहून ठेवले, तिचे नाव आपल्या चर्चासत्रांतून निघत नाही. ते निघावे असे मला वाटते. मात्र आरती ओवाळण्यासाठी नव्हे.

बेट्सी प्रिन्स्टनची. मालकाने तिला आपल्या मुलीला देऊन टाकले, लग्नात भांडीकुंडी द्यावीत तसे. मुलीचा नवरा अ‍ॅशबेल ग्रीन हा मोठा धर्मोपदेशक. त्याच्या घरातल्या पुस्तकांवर ती शिकली, तिथेच तिची मुक्तता झाली. अमेरिकन बोर्डाने तिला परदेशी पाठवले ते स्ट्युअर्ट नावाच्या तरुण मिशनरी दांपत्याबरोबर आणि एक करार करून. त्या करारात ती बरोबरीची नाही आणि मोलकरीणही नाही. मग कोण? तर नम्र ख्रिस्ती मैत्रीण! घरकामाला तिने हात लावायचा, पण मिशनने तिला हलक्या कामांना जुंपायचे नाही, नाहीतर तिचे जिणे पुन्हा दास्याचे होईल आणि शिकवणे राहून जाईल, असेही त्यात लिहिले आहे. म्हणजे धोका सगळ्यांना दिसत होता. ही मधली जागा आपल्या चांगल्या परिचयाची आहे. ‘तू आमच्यातलाच’ म्हणायचे आणि पान मात्र उंबऱ्याशी वाढायचे.

तिची रोजनिशी १८२४-२५ मध्ये ‘ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट’ मासिकात छापून आली. संपादक ग्रीनच. लिहिणारी मुक्त झालेली, छापणारा तिचा जुना धनी. आपली आत्मकथने कोणाच्या हातून छापली जातात, कोणत्या वाचकासाठी सोलली जातात, हा वाद आपण घालतो. त्या वादाचे हे दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचे उदाहरण आहे. म्हणूनच या रोजनिशीतले मौनही वाचावे लागते. ‘थेम्स’ जहाजावरचे पाच महिने, समुद्र, लाटा, ओकाऱ्या, प्रार्थना यांवर ती भरभरून लिहिते. जहाजावरच स्ट्युअर्टबाई बाळंत झाल्या. बाळ-बाळंतिणीचे कोण करत होते हे समजायला वेगळा पुरावा नको, पण ते कष्ट ती ओळीदोनओळीत उरकते. पुढे लाहायना गावी शाळा सुरू झाल्यावर ती एवढेच नोंदवते की, घरचे बघून जेवढे निभते तेवढे हेच. तिचा सारा दिवस या एका वाक्यात आहे.

किनाऱ्यावरची पहिली नोंद मात्र मला सोडवत नाही. कमरेला चिंधीभर कापड गुंडाळलेले हवाईयन लोक होडीतून जहाजावर चढले. ते पाहून बेट्सीच्या काळजात धस्स झाले. अर्धे माणूस, अर्धे जनावर असे ते तिला दिसले. उरलेले आयुष्य यांच्यात काढायचे? आणि लगेच तिचा विवेक तिला उत्तर देतो की ही माणसे आहेत, त्यांना आत्मा आहे. जिच्या लोकांना बाजारात जनावरांसारखे विकत होते, तिच्याच डोळ्यांत धन्याची नजर! आपल्यातला एखादा समीक्षक इथे तिला निकालात काढील. मी काढणार नाही. शिक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक एका आदिवासी पाड्यावर झाली. पेटीत बाबासाहेबांचा फोटो घेऊन गेलेल्या माझ्या मनात पहिल्या संध्याकाळी जे आले, ते मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. बेट्सीने ते लिहिले, आणि धन्यालाच लिहिले.

त्या बेटांवरही उच्चनीचता होती. सरदाराच्या घरावर सामान्याची सावली पडली तर त्याचा जीव घेत. काउवा नावाचा वर्ग तर बहिष्कृतच होता. सावलीचे हे शास्त्र आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. तो निर्बंध, ‘कपू’, १८१९ मध्ये तिथल्याच राजाने आणि राण्यांनी मोडला. पहिले मिशनरी आले त्यानंतरच्या वर्षी. ते श्रेय मिशनला देता येत नाही. मिशनने आधी सरदारांनाच अक्षरे शिकवली. १८२४ मध्ये कष्टकरी माणसे स्वतः होऊन पुस्तके, पाट्या आणि शिकवणारा मागायला आली. मिशनच्या आवारात सुमारे तीस जणांची, त्या वर्गाची पहिली शाळा भरली. शिकवायला बेट्सी, कारण तिला त्यांची भाषा चांगली येत होती. स्ट्युअर्टने आपल्या पुस्तकात हा प्रसंग नोंदवला आहे. तिथे तिचे नाव म्हणजे एक आद्याक्षर आणि पुढे रेघ.

रेघेचे हे प्रकरण आपल्या दारापर्यंत येते. याच अमेरिकन बोर्डाने १८२७ मध्ये सिंथिया फॅरार या गोऱ्या अविवाहित बाईंना मुंबईला पाठवले. पुढे त्या अहमदनगरला गेल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीरावांनी पाहिल्या आणि पुण्यात काम सुरू केले, हे आपण अभिमानाने सांगतो. बोर्डाने परदेशी पाठवलेली पहिली अविवाहित स्त्री म्हणून कित्येक पुस्तके फॅरारबाईंचेच नाव देतात. फॅरारबाईंच्या कामाला यामुळे काही उणेपणा येत नाही. पण बेट्सी त्यांच्या पाच वर्षे आधी गेली होती. ती ‘कुटुंबाबरोबर’ गेली म्हणून मोजायची नाही, हा हिशेब कोणाचा? ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ जोतीरावांनी १८७३ मध्ये अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. मुक्त झालेली एक गुलाम स्वतःच पाटी घेऊन पन्नास वर्षांपूर्वी निघाली होती, हे त्या अर्पणपत्रिकेच्या शेजारी ठेवून वाचावे.

स्ट्युअर्टबाई आजारी पडल्या तेव्हा १८२५ मध्ये त्या कुटुंबाला परतावे लागले. बेट्सीला त्यांच्याबरोबर निघणे भाग होते. तिची शाळा तिच्या शरीरप्रकृतीवर नव्हे, दुसरीच्या प्रकृतीवर अवलंबून होती. पुढे तिने फिलाडेल्फियात काळ्या बालकांना शिकवले, नंतर प्रिन्स्टनमध्ये, म्हातारपणापर्यंत. ऑक्टोबर १८६५ मध्ये ती वारली. तिच्या न्यू जर्सी राज्यात उरलेले शेवटचे काही गुलाम त्याच वर्षीच्या डिसेंबरात, घटनादुरुस्तीने सुटले.